हद्दीबाहेरचा मोरपंखी

माझ्या नवऱ्यानं झुंजार पोवारच्या उजव्या हातावर बुटाची टाच ठेवली आणि सगळं अंग तोलून दाबली, तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आवाज वरपर्यंत आला. वाळका ऊस गुडघ्यावर मोडावा तसा आवाज होता तो.

भर दुपार होती. आमच्या बुरूज पेठेच्या गल्लीत पंचवीस-तीस पोरं गोळा झाली होती आणि मधे झुंजार उताणा पडला होता. त्याच्या अंगात जांभळा शर्ट होता, म्हणजे आमचाच रंग. एकानं त्या शर्टासमोर मोबाइल धरला होता आणि मोबाइलवर लाल पट्टी लकाकत होती : नकली.

"अजून एकदा पारख लाव," माझा नवरा संग्राम म्हणाला.

"लावली की दादा. नकलीच म्हणायल्या."

"मग दुसरा हात आण त्याचा. गोलकीपरला दोन हात लागतात."

मी वरून ओरडले, "अहो, सोडा त्याला! बारशाला आलाय तो!" कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. झुंजारच्या बहिणीला आमच्या गल्लीत दिली आहे, तिच्या लेकीचं बारसं होतं. घुगऱ्यांचा द्रोण त्याच्या हातातून उडून रस्त्यावर पडला होता आणि पोरं घुगऱ्या तुडवत लाथा घालत होती. मी बादली तशीच सोडून जिने उतरले. खाली पोचले तेव्हा दुसऱ्या हाताचंही काम झालं होतं.

बाहेरगावच्या माणसाला हे समजत नाही म्हणून सांगते. कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ नाही, ते भावकीतलं भांडण आहे. फक्त त्याला रेफ्री असतो. प्रत्येक पेठेची तालीम, तालमीचा संघ आणि संघाचा रंग. बुरूज तालमीचा जांभळा, सातघोडे तालमीचा मोरपंखी. झुंजार सातघोड्यांचा गोलकीपर आणि माझा धाकटा भाऊ धैर्यशील त्याच संघाचा कॅप्टन. मी माहेरची मोरपंखी आणि सासरची जांभळी. आमच्या लग्नात दोन्हीकडच्या मानकऱ्यांनी आपापल्या रंगाचे फेटे बांधले होते आणि अक्षता पडेपर्यंत दोनदा बाचाबाची झाली. हे लग्न टिकतंय का बघू, असं भटजीसुद्धा म्हणाले होते.

मग बाजारात रंगकापड आलं. दिसायला साधं कापड, पण त्याच्या धाग्यात बारीक दाणे विणलेले. बाहीवरून दोन बोटं फिरवली की शर्टाचा रंग बदलतो. कापड उन्हावर चालतं, ऊन नसलं तर ट्यूबलाइटवरही भागतं. बायकांना साड्यांसाठी ते आवडलं, पण आमच्या गावानं त्याचा खरा उपयोग शोधला. पेठ बदलली की शर्ट बदलायचा! सातघोड्यांच्या चौकात मोरपंखी, बुरुजाच्या गल्लीत जांभळा. एक अख्खा हंगाम गावात डोकं फुटलं नाही. पोलिसांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

होळीला ते संपलं. जांभळं रंगकापड घातलेला कुणीतरी आमच्या पोरांत मिसळला, होळीभोवती त्यांच्यासोबत बोंबलला आणि संग्रामच्या चुलतभावाच्या, रणधीरच्या पोटात सुरा घालून त्याच जांभळ्या गर्दीतून चालत निघून गेला. रणधीर सकाळपर्यंत जगला नाही. खुनी सापडला नाही. तेव्हापासून आमच्या पेठेला एकच वेड लागलं : आपल्या रंगातला माणूस आपलाच आहे का, हे कसं ओळखायचं?

ते ओळखायचं साधन त्यांना नकळत मीच करून ठेवलं होतं.

मी 'वर्णिका'मध्ये काम करते. वर्णिका म्हणजे प्रोग्रामर लोकांसाठी सुट्या भागांचा संच. अॅप बनवणाऱ्यानं खिडकी, बटण, सरकपट्टी स्वतः घडवत बसायची नाही, आमच्याकडची उचलून जोडायची. त्यातला रंगांचा भाग माझा. अॅपवाल्यानं नुसतं सांगायचं की मला हा रंग पाहिजे. तो पडद्यावर दाखवायचा आहे, कागदावर छापायचा आहे की कापडावर चढवायचा आहे हे बघून त्याचे आकडे वर्णिका काढते.

हे वाटतं तितकं सोपं नाही. पडदा उजेड ओकतो आणि कागद उजेड खातो. पडद्यावर तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात, त्यांच्या मिसळणीतून सगळे रंग निघतात. छापताना शाई पांढऱ्या उजेडातला काही भाग गिळते आणि उरलेला आपल्याला परत देते. त्यामुळे प्रत्येकाच्या अंगणाला कुंपण आहे. पडद्यावर झगमगणारा जांभळा छापला की वांग्याच्या भरतासारखा मळकट होतो. उलट काही रंग रंगाऱ्याच्या पिंपात बुडवलेल्या सुतावरच असतात, पडद्याला ते जन्मात जमत नाहीत. आमच्या माहेरचा मोरपंखी त्यातलाच, आणि सासरच्या जर्सीचा पिंपातला जांभळाही.

म्हणून मी दोन फंक्शनं लिहिली. एक 'हद्द' : हा रंग या यंत्राच्या कुंपणात बसतो का, एवढंच ती सांगते. दुसरी 'नजीक' : बसत नसेल तर कुंपणाच्या आतला, त्याला सगळ्यात जवळचा रंग शोधून देते. नजीक लिहिताना मी धैर्यशीलची जुनी जर्सी ऑफिसच्या खुर्चीवर टाकून ठेवली होती. दिवसदिवस तिच्याकडे बघायचे आणि पडद्यावर तसा मोरपंखी उतरवायचे. जवळ गेले, पण पोचले नाही. रंगकापडावर उमटतो तो मोरपंखी हाच. हद्द बिचारी पत्रिका छापणाऱ्यांच्या सोयीसाठी होती. जो भाग छापताना फसणार तो पडद्यावर लुकलुकतो, मग माणूस दुसरा रंग निवडतो. एवढाच तिचा धंदा.

आता 'पारख' ऐका. आमचे भाग कुणीही वापरू शकतं. कुणीतरी पाच-दहा ओळींचं एक अॅप लिहिलं. हल्लीचे मोबाइल नुसता फोटो काढत नाहीत, कापडावरून परतणारा उजेड बारीक मोजतात. पारख तो मोजलेला रंग घेते आणि हद्दला विचारते, हा रंग रंगकापडाच्या कुंपणात बसतो का? रंगकापडही शेवटी एक पडदाच, त्यालाही कुंपण आहेच. बसत नसेल, तर तो रंग पिंपातून निघालेला, तालमीनं वाटलेल्या खऱ्या जर्सीचा. म्हणजे अस्सल. बसत असेल, तर रंगकापड. म्हणजे नकली. आणि नकली म्हणजे गल्लीत उताणा.

त्या दिवशी संग्राम घरी आला आणि मोरीत बूट धुवायला बसला.

"दोन्ही हात मोडलेत त्याचे," मी म्हणाले. "भाचीच्या बारशाला आलावता तो."

"बारशाला आलावता तर आपला रंग घालून यायचं. आमचा का घातला?"

"मोरपंखी घालून आला असता तर सोडलं असतंसा?"

त्यानं ब्रश थांबवून खरंच विचार केला. "न्हाई," तो म्हणाला आणि हसला.

मी हातातली कढई भिंतीवर हाणली. ती त्याच्या कानाजवळून गेली. आतल्या खोलीत सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"रणधीर असाच मेलाय, रागिणी," तो खालच्या आवाजात म्हणाला. आता हसत नव्हता. "आपल्या रंगाच्या माणसानं मिठी मारली म्हणून मेलाय. मी आता कुणालाच पारखल्याबिगार सोडणार न्हाई."

वाईट हे की रणधीरसाठी मीसुद्धा रडले होते. संग्रामचा राग मला कळत होता आणि त्याचा बूटही दिसत होता. त्याच माणसानं मला बाळंतपणात, मूल गेलं तेव्हा, महिनाभर हातानं भरवलं होतं. तो घास आणि तो बूट एकाच माणसाचे, हे काही केल्या मला जुळवता येईना.

मी ऑफिसात कामत सरांपुढे उभी राहिले. ते आमचे वरिष्ठ, शांत माणूस, आवाज कधी चढत नाही. "हद्द काढून टाकू या," मी म्हणाले. "निदान रंगकापडापुरती."

"रागिणी, जगभरचे छापखाने त्याच्यावर चालतात. कापड गिरण्या चालतात. विळीनं बोट कापलं म्हणून आपण विळी मोडीत घालतो का?"

"सर, इथं बोट कापत नाहीत, हात मोडतात."

"एका गावातल्या मारामाऱ्या आहेत. पोलीस बघतील." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि हो, कापडाच्या तक्त्याला चुकूनही हात लावू नकोस. तुझ्याकडे त्याची किल्ली आहे म्हणून सांगतोय."

ते बोलले नसते तर माझ्या डोक्यात आलंही नसतं. रंगकापड रोज सुधारतं, म्हणून त्याच्या कुंपणाचा तक्ता आम्ही आमच्या सर्व्हरवर ठेवतो आणि प्रत्येक मोबाइल तो तिथून घेतो. तो सांभाळायचं काम माझ्या एकटीकडे. तो तक्ता रिकामा केला तर काय होईल? कुंपणच नाहीसं होईल, म्हणजे रंगकापडाला कुठलाच रंग जमत नाही असं हद्दला वाटेल. मग पारखला सगळेच रंग हद्दीबाहेरचे आणि सगळीच माणसं अस्सल. लिफ्टमधून उतरेपर्यंत हे सगळं माझ्या डोक्यात मांडून झालं होतं. खाली आल्यावर मी ते गिळलं आणि घरी गेले.

बुरूज आणि सातघोड्यांच्या फायनलच्या आदल्या दिवशी मी माहेरी गेले. आई आत पोळ्या लाटत होती. धैर्यशील सोप्यावर शेंगा फोडत बसला होता, पण खात नव्हता. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला, नुसता ढीग. तो दवाखान्यातून आला होता.

"झुंजार कसा आहे?"

"आक्का, त्याला त्याची आई घास भरवत्या. पंचवीस वर्षांचा गडी." त्यानं एक शेंग फोडली. "डॉक्टर म्हणाले, बॉल सोड, बटणंसुद्धा लावता यायची न्हाईत."

टाच कुणाची होती हे त्याला माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हे मला.

"आक्का, पारख फसवता येत्या का गं?"

"न्हाई."

"कुणालाच?"

"मला येईल," मी म्हणाले. लहानपणी त्याची गणितं सोडवून देताना जी ऐट असायची, तीच ऐट आवाजात होती. तो हसला. किती दिवसांनी हसताना बघितला म्हणून मलाही बरं वाटलं.

"उद्या खेळणार ना?"

"झुंजार न्हाई तर मी न्हाई. घरातनं बघतो." मग निघताना तो मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. एरवी तो जागचा हलत नाही. "तू कुठं बसणार?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, बुरुजाच्या बाजूला, बायकांच्या गॅलरीत, पुढच्या रांगेत. तो म्हणाला, "बरं."

फायनलला स्टेडियम फुटायच्या बेतात होतं. आमची बाजू सगळी जांभळी, समोरची मोरपंखी, मधे जाळी आणि पोलीस. आमच्या पोरांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंडं जांभळ्या रंगानं माखली होती. आई आली तरी आपलं पोरगं ओळखणार नाही, असा तो लेप. म्हणूनच संग्राम आणि त्याची पारखवाली पोरं मोबाइल घेऊन ओळीओळीनं फिरत होती. चेहरा नाही, शर्ट बघायचा. दत्तूमामा हलगीवाले पायरीवर उभे राहून हलगी कडाडवत होते. म्हातारा माणूस, पण बोटं वीस वर्षांची. बुरूज तालमीचा एकही विजय त्यांच्या हलगीवाचून झालेला नाही.

मध्यंतराच्या आधी एक सापडला. कॉलेजातलं पोर असावं, बहुतेक नुसतं मॅच जवळून बघायला आलेलं. लाल पट्टी लकाकली आणि त्याला केसांना धरून जिन्याखाली ओढत नेलं. पोलिसांनी तोंड फिरवलं. मला वरून त्याचे नुसते पाय दिसत होते. ते आधी झाडत होते, मग थरथरत होते, मग थांबले. शेजारची बाई म्हणाली, "बरं केलं, मेल्याला." आणि तिनं मला भडंग देऊ केलं.

मध्यंतरानंतर ढग आला. खरा पिंपातला जांभळा उन्हात तांबूस पेटतो आणि ऊन गेलं की काळवंडतो. रंगकापडाचा तसा काळवंडत नाही, तो स्वतःचा उजेड धरून बसतो. सबंध बाजू एकदम काळपट झाली आणि तिच्यात एक शर्ट तसाच निळसर उजळ राहिला. हे फक्त मलाच दिसलं असणार, कारण मी आयुष्यभर तेवढंच बघत आले आहे.

शर्टाच्या वर माखलेलं तोंड होतं. पण डाव्या पायावर भार, उजवा पाय सैल, अंगठा कमरपट्ट्यात अडकवलेला. पेनल्टी मारायच्या आधी माझा भाऊ असाच उभा राहतो. त्यानं मान वर केली आणि नेमकं माझ्याकडे बघितलं. मग हात छातीवर ठेवला.

हा वेडा इथं कशाला आला? संग्राम त्याच ओळीच्या टोकाला होता आणि एकेका शर्टावर मोबाइल धरत सरकत होता. खाली जिन्याजवळ ते पोर अजून तसंच पडलं होतं. मी ओरडले असते तर लोकांनी वळून धैर्यालाच बघितलं असतं. पोलीस? त्यांनी तोंड कधी फिरवलं ते मी बघितलं होतं.

मी मोबाइल काढला. त्यानं माझा अंगठा दोनदा नाकारला. कापडाचा तक्ता उघडला, सगळा निवडला, पुसला. पडद्यावर प्रश्न आला, सगळ्या यंत्रांना पाठवायचा का? मी हो म्हणाले. कामत सर, नोकरी, जगभरच्या गिरण्या, त्या क्षणी सगळं जळून गेलं असतं तरी चाललं असतं. माझा भाऊ जगायला हवा होता, बस्स.

संग्राम त्याच्यासमोर आला. मोबाइल शर्टावर धरला. हिरवी पट्टी.

"अस्सल," संग्रामचे ओठ हलले. त्यानं धैर्याच्या खांद्यावर थाप मारली, हसला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

मी श्वास सोडला. आणि तव्यावरच्या भाकरीखाली उलथनं सरकवावं तितक्या सहज माझ्या भावाचा हात माझ्या नवऱ्याच्या बरगड्यांखाली गेला. बाहेर आला. परत गेला.

संग्रामनं खाली बघितलं. जांभळ्यावर रक्त तांबडं दिसत नाही, नुसतं ओलं दिसतं. त्याचे गुडघे दुमडले आणि पायरीवर उभ्या दत्तूमामांनी हलगी टाकून त्याला दोन्ही हातांनी झेललं. म्हाताऱ्याचे हात कोपरापर्यंत भरले.

"ह्यानं मारलं!" एक आवाज उठला. तो आवाज मी त्याच्या पहिल्या बोबड्या शब्दापासून ओळखते. "हलगीवाल्यानं मारलं! सुरा ह्याच्याकडं हाय!" सुरा खरंच दत्तूमामांच्या पायाशी पडला होता.

"पारख लावा त्याला!"

"अस्सल म्हणायल्या!"

"मग आपल्यातलाच गद्दार! घ्या रं!"

आणि बुरूज पेठ स्वतःच्या म्हाताऱ्यावर तुटून पडली. ज्यांच्या वराती त्यांनी वाजवल्या, तेच लाथा घालत होते. "अरं मी न्हवं, मी दत्तू," असं ते म्हणत असावेत, त्यांचं तोंड उघडमिट होत होतं. संग्रामला कुणीतरी उचलून फाटकाकडे पळवलं. सगळ्यात पुढे धैर्यशील होता. गर्दीतून निघून जायला त्याला वाट होती, रणधीरचा खुनी गेला तशी. तो गेला नाही. त्यानं दत्तूमामांचा उजवा हात फरशीवर सरळ केला, त्यावर टाच ठेवली आणि सगळं अंग तोललं.

इतक्या गोंगाटात तो आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. मला आला.

तेव्हा मला सगळं कळलं. शेंगांचा ढीग, कोपऱ्यापर्यंत सोडायला येणं, तू कुठं बसणार हा प्रश्न. त्याला पारखची भीती कधी नव्हतीच, त्याच्याकडे मी होते. माझ्या डोळ्यांसमोर येऊन तो मुद्दाम उभा राहिला होता. त्याची गणितं मी सोडवायची, हे आमचं लहानपणापासून ठरलेलंच होतं.

मला त्याचा राग आला नाही. येईल असं वाटलं होतं, पण मला तो हवा होता, आजही हवा आहे. मी त्याला कडेवर घेऊन अख्खी पेठ हिंडले आहे. पण खाली एक म्हातारा मरत होता. त्याला तुडवणाऱ्याच्या नावापुढे अस्सल लिहिलं होतं आणि ते मी लिहिलं होतं.

पुसलेला तक्ता परत आणायला एकच बटण असतं. मी ते दाबलं.

बुरुजाच्या बाजूला जितके मोबाइल हातात होते, ते सगळे एकदम थरथरले. ज्याच्या हातातला मोबाइल धैर्याच्या पाठीकडे होता तो पोरगा किंचाळला, "नकली! ह्यो नकली हाय!" दत्तूमामांवरचे पाय थांबले. गर्दी मागे सरकली आणि मधे माझा भाऊ एकटा उरला. दुसऱ्यानं मोबाइल धरला, तिसऱ्यानं धरला. सगळ्या लाल पट्ट्या.

धैर्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तोंडावरच्या लेपामुळे काय भाव होता ते मला दिसलं नाही. मग त्यानं बाहीवरून दोन बोटं फिरवली आणि त्या जांभळ्या गर्दीच्या मधोमध त्याचा शर्ट मोरपंखी झाला. जाळीपलीकडून सातघोड्यांच्या बाजूनं आरोळी उठली. त्यांना वाटलं आपल्या कुणीतरी मर्दानं आत जाऊन झेंडा लावला.

"धैर्या!" मी ओरडले आणि जिन्याकडे धावले. दोन बायकांनी मला कमरेला धरलं. "वैनी, तुमचं मालक पडल्यात, तुम्ही कुठं चाललायसा?" मी एकीच्या हाताला चावले, दुसरीला ढकललं, खाली पोचले. तोवर मोरपंखी दिसेनासा झाला होता. नुसत्या जांभळ्या पाठी होत्या आणि त्या पाठी वाकून वाकून काम करत होत्या.

संध्याकाळी दवाखान्यात वर संग्रामचं ऑपरेशन चालू होतं आणि खाली शवागारात मी आईला घेऊन उभी होते. दत्तूमामा जगतील, पण हलगी धरणार नाहीत, असं जिन्यात कुणीतरी म्हणालं होतं. हवालदार चांगला माणूस होता. "मावशी," तो म्हणाला, "तोंडावरनं कळायचं न्हाई. कपड्यावरनं बघा."

त्यानं चादर काढली. चेहरा म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं, जांभळा लेप आणि सूज. पण शर्टाला काही झालं नव्हतं. रंगकापड फाटत नाही, रक्त धरत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडावर ते अजून चालू होतं आणि माझ्या भावाच्या छातीवर मी केलेला मोरपंखी शांतपणे पेटलेला होता.

आईनं नुसतं शर्टाकडे बघितलं. वाकून बघितलं. मग तिच्या खांद्यातला ताण एकदम सुटला.

"ह्यो आमचा न्हवं," ती हवालदाराला म्हणाली. "आमचा रंग असा नसतोय वो. ह्यो फिका हाय." ती माझ्याकडे वळली आणि माझा दंड धरला. तिच्या डोळ्यांत चक्क आनंद होता. "चल गं घरला. धैर्या आला असंल, भुकेला असंल. कुणाचं लेकरू हाय बिचारं, देव जाणे."

हवालदारानं माझ्याकडे बघितलं. वहीत काही लिहावं की नाही, हे त्याला कळेना. मी आईचा हात सोडवला, टेबलाजवळ गेले आणि थंडगार बाहीवरून दोन बोटं फिरवली. मोरपंखी विझला. शर्ट कोऱ्या मांजरपाटासारखा पांढरा झाला, कुठल्याच तालमीचा नाही असा.

"आई," मी म्हणाले, "आता बघ."

आईनं बघितलं.